एकच रचनाकार, तीन मैदाने : ॲलिस्टर मॅकेन्झी यांच्या गोल्फ-मैदानांचा तौलनिक विचार

प्रास्ताविक

कलाकृतीवर कर्त्याची मुद्रा नेमकी कोठे उमटते, हा प्रश्न साहित्यसमीक्षेत आणि चित्रसमीक्षेत जुनाच आहे. गोल्फच्या मैदानांबाबत मात्र तो तितक्या गांभीर्याने विचारला जात नाही. वास्तविक गोल्फच्या मैदानालाही रचनाकार असतो. त्याचे नाव मैदानाच्या लौकिकाशी कायमचे जोडले जाते आणि एकाच रचनाकाराची दोन मैदाने शेजारी ठेवून त्याची 'शैली' ओळखण्याचा प्रघात पाश्चात्त्य क्रीडालेखनात दीर्घकाळ रूढ आहे. मराठीत हा विषय क्रीडावृत्तापलीकडे क्वचितच गेला. गोल्फ हा मूठभर धनिकांचा खेळ आहे, ही समजूत त्यामागे असावी. ती सर्वस्वी निराधार आहे असेही म्हणता येत नाही आणि त्या मुद्द्याकडे प्रस्तुत लेखात पुढे यावेच लागणार आहे. तथापि शे-दीडशे एकर भूमीला आकार देऊन तिच्यावर माणसाच्या निर्णयशक्तीची परीक्षा घेणारी ही रचना समीक्षेचा विषय होण्यास पात्र आहे, हे मान्य करण्यास ती समजूत आड येऊ नये.

विवेचनाच्या सोयीसाठी काही संज्ञा आरंभीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. गोल्फचे पूर्ण मैदान अठरा 'होल'चे असते. होल म्हणजे केवळ चेंडू जाऊन पडण्याचा खळगा नव्हे. 'टी' या आरंभस्थानापासून, कापलेल्या गवताच्या 'फेअरवे' या पट्ट्यावरून, अतिशय बारीक गवत राखलेल्या 'ग्रीन'पर्यंतच्या संपूर्ण मार्गालाही होलच म्हणतात. वाटेत 'बंकर' म्हणजे वाळूचे खड्डे असतात, तर फेअरवेच्या बाहेर वाढू दिलेल्या गवताला 'रफ' म्हणतात. कुशल खेळाडूला एखाद्या होलसाठी जितके फटके लागणे अपेक्षित असते, ती संख्या म्हणजे त्या होलचा 'पार'. रचनाकाराच्या हाती एवढीच सामग्री असते. बाकी सर्व जमिनीचे.

डॉ. ॲलिस्टर मॅकेन्झी (१८७०–१९३४) यांची तीन मैदाने जगातील श्रेष्ठ मैदानांत नेहमी गणली जातात. ऑस्ट्रेलियातील रॉयल मेलबर्न क्लबचे वेस्ट मैदान १९३१ मध्ये, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील सायप्रस पॉइंट १९२८ मध्ये आणि अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा नॅशनल १९३३ मध्ये खुले झाले. या तिन्हींची तुलना करताना बहुतेक लेखक बंकरांच्या कडा, ग्रीनचे चढउतार आणि निसर्गदृश्य यांत मॅकेन्झी यांचा 'हात' शोधतात. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे आहे की, ही मुद्रा दृश्य रूपात शोधणे फसवे आहे. ती खेळाडूपुढे ठेवलेल्या पर्यायात आहे. दुसरे असे की, रचनाकाराची मैदानावरील उपस्थिती आणि त्याच्या कामाची शाबुती यांचे प्रमाण येथे जवळजवळ व्यस्त आहे.

शल्यचिकित्सक ते रचनाकार

मॅकेन्झी यांचा जन्म यॉर्कशायरमधील, घराणे स्कॉटिश, शिक्षण केंब्रिजमध्ये आणि पेशा वैद्यकाचा. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात ते ब्रिटिश सैन्यात शल्यचिकित्सक होते. संख्येने अल्प असलेले बोअर सैनिक भूप्रदेशाचा आडोसा घेऊन, खंदक आसपासच्या जमिनीत बेमालूम मिसळून बलाढ्य फौजेला कसे झुंजवतात, हे त्यांनी तेथे पाहिले. पहिल्या महायुद्धात त्यांनी याच छद्मावरणाच्या शास्त्रावर काम केले. कृत्रिम रचना नैसर्गिक वाटली पाहिजे हा त्यांचा आग्रह या अनुभवातून पक्का झाला, असे त्यांच्या लेखनावरून दिसते. लीड्सजवळच्या ऑल्वूडली मैदानापासून (१९०७) त्यांच्या रचनाकार्याला आरंभ झाला. १९१४ मध्ये 'कंट्री लाइफ' या नियतकालिकाने घेतलेल्या होल-रचनेच्या स्पर्धेत त्यांचा आराखडा पहिला आला. टीपासून ग्रीनपर्यंत जाण्यास एकाहून अधिक वाटा, आणि प्रत्येक वाटेला तिचा स्वतंत्र धोका व स्वतंत्र लाभ, हे त्या आराखड्याचे वैशिष्ट्य होते. न्यूयॉर्कजवळच्या लिडो मैदानावर त्याचा उपयोगही झाला. हा आराखडा लक्षात ठेवणे अगत्याचे आहे, कारण पुढील वीस वर्षांचे सर्व काम त्याचाच विस्तार आहे असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

१९२० मध्ये त्यांचे 'गोल्फ आर्किटेक्चर' हे छोटेखानी पुस्तक आले. त्यात आदर्श मैदानाची तेरा तत्त्वे त्यांनी मांडली आहेत. पाण्यावरून किंवा खड्ड्यांवरून चेंडू मारण्याची धाडसी संधी असावी, परंतु दुबळ्या खेळाडूला एखाद्या फटक्याच्या मोबदल्यात सुरक्षित वाट नेहमी उपलब्ध असावी. हरवलेला चेंडू शोधत बसण्याचा जाच नसावा. निष्णात खेळाडूला आव्हान वाटावे आणि सामान्य खेळाडूलाही आनंद मिळावा, ही त्यांपैकी महत्त्वाची. बांधणी व देखभालीतील काटकसर हा त्या पुस्तकाचा दुसरा विषय आहे आणि तो उपशीर्षकातच नमूद आहे. आजच्या ऑगस्टाकडे पाहताना ही गोष्ट विसरता येत नाही.

या तत्त्वांचा उगम स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजच्या 'ओल्ड कोर्स'मध्ये आहे. कोणा एका रचनाकाराचे नाव न सांगता येणारे, शतकानुशतके वारा, वाळू, मेंढ्या आणि खेळणारी माणसे यांनी घडवलेले हे मैदान. मॅकेन्झी यांनी १९२४ मध्ये त्याचा तपशीलवार नकाशा तयार केला. ज्या रचनाकाराच्या शैलीची एवढी चर्चा होते, त्याचा आदर्श अकर्तृक मैदान असावा, ही बाब सूचक आहे. ओल्ड कोर्सवर फेअरवे अतिशय रुंद आहेत. चेंडू कोठेही मारला तरी तो सापडतो. परंतु पुढचा फटका सोपा व्हावा असे वाटत असेल, तर तो एका विशिष्ट बाजूलाच, बहुधा धोक्याच्या निकट, ठेवावा लागतो. खेळणे सोपे, चांगले खेळणे अवघड. मॅकेन्झी यांनी तीन खंडांत नेली ती हीच युक्ती.

मेलबर्न : अनुपस्थित रचनाकार

१९२६ च्या ऑक्टोबरअखेर मॅकेन्झी ऑस्ट्रेलियात पोहोचले. रॉयल मेलबर्न क्लबने त्यांना पाचारण केले होते. एकंदर मुक्काम सुमारे दोन महिन्यांचा आणि तेवढ्यात ॲडलेड, सिडनी, ब्रिस्बेन येथील क्लबांनाही सल्ला द्यायचा होता. म्हणजे मेलबर्नच्या वाट्याला आलेले दिवस मोजकेच. त्यानंतर ते पुन्हा कधीही ऑस्ट्रेलियात गेले नाहीत. वेस्ट मैदान प्रत्यक्ष तयार झाले ते त्यांच्या पश्चात, दोन स्थानिक माणसांच्या हातून. एक होते ॲलेक्स रसेल. १९२४ ची ऑस्ट्रेलियन ओपन स्पर्धा जिंकणाऱ्या या खेळाडूला मॅकेन्झी यांनी आपला ऑस्ट्रेलियातील भागीदार केले. दुसरे मिक मॉरकॉम, क्लबचे मुख्य मैदानरक्षक. नांगर आणि घोडे यांच्या साहाय्याने वाळू हलवून कागदावरच्या रेषांना उंची-खोली देण्याचे काम मॉरकॉम यांचे.

तरीही मॅकेन्झी यांचा विचार सर्वांत स्वच्छ रूपात कोठे वाचता येतो, असे विचारल्यास उत्तर मेलबर्न हेच द्यावे लागते. सहाव्या होलचे उदाहरण घेता येईल. पार चारचा हा होल उंचावरच्या टीपासून सुरू होऊन उजवीकडे वळतो. वळणाच्या आतल्या कोपऱ्यात बंकरांचा पुंजका आहे. त्यावरून चेंडू नेणाऱ्याला पुढचा फटका आखूड मिळतो. डावीकडे मोकळ्या जागेत मारणाऱ्याला कसलीही शिक्षा नाही, फक्त ग्रीन लांब राहते. मग ग्रीनचे रहस्य कळते. ती मागून पुढे इतकी तीव्र उतरती आहे की, खळग्याच्या वर थांबलेला चेंडू अलगद टोलवला तरी आवरत नाही. म्हणजे पहिल्याच फटक्याला घेतलेल्या भित्र्या निर्णयाची किंमत खेळाडू शेवटच्या फटक्यात चुकवतो. शिक्षा तत्काळ न देता लांबणीवर टाकणे, हे नाट्यरचनेतील कौशल्य येथे जमिनीच्या उतारातून साधले आहे.

पाचवा होल अगदी वेगळा. पार तीनचा, दरीपलीकडे उंचावर ग्रीन आणि तिच्यापुढे असा चढ की थोडा आखूड पडलेला चेंडू घरंगळत खाली परत येतो. दहावा आखूड पार चारचा, डावीकडे वळणारा. टेकडीच्या कुशीत खोदलेला प्रचंड बंकर धाडसी खेळाडूला सरळ ग्रीनकडे मारण्याचा मोह घालतो. तिन्ही होलांत दृश्य साम्य शोधू गेल्यास हाती फार काही लागत नाही. निर्णयाचे स्वरूप मात्र एकच आहे.

मेलबर्नच्या दक्षिणेकडील या वालुकामय पट्ट्यात बंकर थेट ग्रीनच्या कडेपर्यंत, सुरीने कापल्यासारखे नेता येतात, कारण तेथील मातीत कड ढासळत नाही. या स्वच्छ, धारदार कडा 'मॅकेन्झी शैली' म्हणून वाखाणल्या जातात. त्यांचे श्रेय मातीला आणि मॉरकॉम यांच्या फावड्याला अधिक द्यायला हवे. त्याच रचनाकाराचे सायप्रस पॉइंटचे बंकर पाहिले की हे लगेच ध्यानात येते. तेथे कडा फाटक्या, दातेरी, किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांची नक्कल करणाऱ्या आहेत.

याच क्लबचे दुसरे, ईस्ट मैदान रसेल यांनी रचले आणि ते १९३२ मध्ये खुले झाले. मोठ्या स्पर्धांसाठी १९५९ पासून दोन्हींतील होल एकत्र करून 'कॉम्पोझिट' मैदान वापरतात. त्यात वेस्टचे बारा व ईस्टचे सहा होल येतात. १९९८, २०११ आणि २०१९ मधील प्रेसिडेंट्स कप स्पर्धा अशाच मिश्र मैदानावर झाल्या. दूरदर्शनवर ती पाहणाऱ्या लक्षावधी प्रेक्षकांनी 'मॅकेन्झी यांचे मैदान' म्हणून जे पाहिले, त्याचा एक तृतीयांश भाग त्यांच्या शिष्याचा होता आणि जोड कोठे आहे हे बहुतेकांना जाणवलेही नसेल. शैली ही व्यक्तीची अनुकरणास अशक्य अशी लकब असती, तर हे घडते ना. शिकवता येणारे तत्त्व असल्यामुळेच ते रसेल यांच्या हाती सुखरूप राहिले.

सायप्रस पॉइंट : जमिनीचे वर्चस्व

मराठी नाट्यसमीक्षेतील 'संहिता' आणि 'प्रयोग' हा भेद येथे उपयोगी पडतो. मेलबर्नमध्ये संहिता मॅकेन्झी यांची, प्रयोग इतरांचा. सायप्रस पॉइंटमध्ये संहितेचा मोठा भाग जमिनीनेच लिहून ठेवलेला होता.

मॉन्टरे द्वीपकल्पावरील या भूमीत पाइनचे अरण्य, वाळूच्या पांढऱ्या टेकड्या आणि खडकाळ समुद्रकिनारा हे तीन प्रदेश एकमेकांना भिडतात. मैदानाचे काम आधी सेथ रेनर या रचनाकाराकडे होते. १९२६ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाल्यावर ते मॅकेन्झी आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांच्याकडे आले. या प्रकल्पामागची खरी प्रेरकशक्ती मॅरियन हॉलिन्स, १९२१ च्या अमेरिकन महिला हौशी स्पर्धेच्या विजेत्या. या मैदानाचा सोळावा होल जगात सर्वाधिक छायाचित्रित होलांपैकी एक आहे. पार तीन, सुमारे २३० यार्ड, आणि टीपासून ग्रीनपर्यंत मध्ये प्रशांत महासागराची खाडी. एवढे अंतर पार होणार नाही ही शंका दूर करण्यासाठी हॉलिन्स यांनी तेथेच चेंडू ठेवून तो पलीकडे मारून दाखवला, अशी हकिकत सांगितली जाते. कल्पनेचे श्रेय आपले नसून त्यांचे आहे, असे स्वतः मॅकेन्झी यांनी लिहून ठेवले आहे. ज्या पुस्तकात ते आहे, ते 'द स्पिरिट ऑफ सेंट अँड्र्यूज', त्यांच्या निधनानंतर सहा दशकांनी, १९९५ मध्ये प्रकाशित झाले. तोवर हा होल एकट्या मॅकेन्झी यांच्या प्रतिभेचा दाखला म्हणून कितीतरी वेळा उद्धृत होऊन गेला होता. स्त्रीच्या कर्तृत्वाची नोंद पुरुषाच्या नावाखाली लुप्त होण्याचे उदाहरण म्हणून ते पुरेसे बोलके आहे. मात्र या प्रकरणी ते लोपवणारे रचनाकार नव्हते, हेही नमूद केले पाहिजे. लोपवले ते नंतरच्या स्तुतिपाठकांनी.

सोळाव्या होलात मॅकेन्झी यांचे खरे योगदान खाडीत नाही, ते डावीकडे आहे. तेथे जमिनीची जीभ समुद्रात शिरते. धाडस नको असलेल्या खेळाडूने चेंडू तेथे ठेवावा, दुसऱ्या फटक्याला ग्रीन गाठावी, एक फटका गमवावा, पण चेंडू आणि स्वाभिमान दोन्ही शाबूत ठेवावेत. छायाचित्रात ही जागा सहसा कोपऱ्यात जाते. ही वाट नसती, तर हा होल केवळ ताकदीची परीक्षा झाला असता. लिडोच्या आराखड्यातील तत्त्व येथे समुद्राच्या काठी पुन्हा भेटते.

नववा होल दृश्यवैभवात मागे असला तरी रचनेच्या दृष्टीने अधिक बुद्धिमान म्हणावा लागेल. वाळूच्या टेकड्यांत वसलेला, ३०० यार्डांहूनही कमी लांबीचा हा पार चारचा होल आहे. एका फटक्यात ग्रीन गाठण्याचा मोह प्रत्येकाला होतो. ग्रीन अरुंद व कललेली असल्याने तो मोह प्रत्येकाला महाग पडू शकतो. समुद्र नाही, तरी निर्णय तोच. लागोपाठ दोन पार पाच (पाचवा व सहावा) आणि लागोपाठ दोन पार तीन (पंधरावा व सोळावा) ठेवून मॅकेन्झी यांनी तत्कालीन संकेतही मोडले. जमिनीने जसे सुचवले तसे होल त्यांनी मांडले, समतोलासाठी ओढाताण केली नाही. अठरावा होल मात्र झाडांमधून चढावर जाणारा, काहीसा अडखळता आहे आणि सतराव्यानंतर तो उतरणीचा वाटतो, ही जुनी तक्रार खोटी म्हणता येणार नाही.

ऑगस्टा : सर्वांत धीट संहिता, सर्वाधिक खाडाखोड

१९२९ मध्ये पेबल बीच येथील अमेरिकन हौशी स्पर्धेत बॉबी जोन्स पहिल्याच फेरीत पराभूत झाले. मोकळ्या मिळालेल्या दिवसांत ते सायप्रस पॉइंटवर खेळले आणि हॉलिन्स यांच्याच पासाटिएम्पो या नव्या मैदानाच्या उद्घाटनालाही हजर राहिले. ही दोन्ही मैदाने मॅकेन्झी यांची. पुढे १९३० मध्ये चार प्रमुख स्पर्धा एकाच वर्षी जिंकून निवृत्त झालेल्या जोन्स यांनी जॉर्जियातील एक जुनी रोपवाटिका घेऊन मैदान उभारायचे ठरवले, तेव्हा रचनाकार म्हणून मॅकेन्झी यांची निवड झाली. दोघांना जोडणारा दुवा पुन्हा सेंट अँड्र्यूज. जोन्स यांनी १९२१ मध्ये त्या मैदानावर वैतागून खेळ अर्धवट सोडला होता, पुढे त्याच मैदानावर १९२७ ची ओपन स्पर्धा जिंकली आणि त्याचे ते कायमचे भक्त झाले.

ऑगस्टाची मूळ रचना आजही चकित करते. समुद्रापासून दूर, चिकणमातीच्या, टेकड्यांच्या आणि पाइनच्या प्रदेशात ओल्ड कोर्सचा आशय रुजवायचा हा प्रयोग होता. त्या काळी मोठ्या मैदानांवर शंभरावर बंकर असणे नवलाचे नव्हते. येथे केवळ २२ होते. रफ जवळजवळ नव्हते. फेअरवे अफाट रुंद. कस लागायचा तो ग्रीनच्या चढउतारांत आणि ग्रीनकडे कोणत्या कोनातून यावे या निवडीत. सातवा होल तर सेंट अँड्र्यूजच्या अठराव्याच्या धर्तीवर, एकाही बंकरशिवाय रचलेला होता. मंदीच्या काळात अल्प खर्चात, वेंडेल मिलर या अभियंत्याच्या देखरेखीखाली १९३२ मध्ये काही महिन्यांत ते उभे राहिले. मॅकेन्झी यांनी गवत रुजलेले, पूर्ण झालेले ऑगस्टा पाहिलेच नाही. ठरलेले मानधनही त्यांना पुरते मिळाले नाही. ६ जानेवारी १९३४ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये येथे पहिली स्पर्धा झाली, जिला आज जग मास्टर्स म्हणून ओळखते.

येथून खाडाखोडीचा इतिहास सुरू होतो. १९३५ च्या स्पर्धेपूर्वी पहिले नऊ व शेवटचे नऊ होल यांची अदलाबदल झाली. १९३७ मध्ये पेरी मॅक्सवेल यांनी दहाव्याची ग्रीन मागे टेकडीवर नेली. सातव्याची ग्रीनही १९३८ मध्ये बदलली आणि तिच्याभोवती बंकर आले. ज्या होलचे बंकर नसणे हेच वैशिष्ट्य, त्यावरच बंकरांची गर्दी झाली. १९४७ मध्ये रॉबर्ट ट्रेंट जोन्स यांच्या आराखड्यानुसार सोळावा होल तळ्याकाठी नव्याने रचला गेला आणि पुढे अकराव्याशेजारीही तळे आले. आठव्या ग्रीनभोवतीचे मातीचे उंचवटे १९५० च्या दशकात काढले गेले आणि १९७९ मध्ये ते पुन्हा घातले गेले. १९८१ मध्ये ग्रीनवरचे गवतच बदलले. बर्म्युडाऐवजी बेंटग्रास आले आणि ग्रीन काचेसारख्या वेगवान झाल्या. १९९९ मध्ये 'सेकंड कट' या सौम्य नावाखाली रफ आले. नंतरच्या काही वर्षांत फेअरवेच्या कडेला झाडे लावली गेली. मैदानाची लांबी २००१ मध्ये ६,९८५ यार्ड होती, २००६ मध्ये ती ७,४४५ झाली आणि २०२३ मध्ये ७,५४५. बंकरांची संख्या सुमारे दुप्पट. त्यांत भरलेली शुभ्र वाळू उत्तर कॅरोलिनातील फेल्डस्पारच्या खाणींतून निघणारी क्वार्ट्झ आहे. ग्रीनखाली हवा खेळवणारी यंत्रणा आहे. काटकसरीच्या पुस्तकाच्या लेखकाचे हे मैदान!

यातील प्रत्येक बदल वाईट होता, असा दावा येथे नाही. मॅक्सवेल हे मॅकेन्झी यांचे सहकारी होते आणि दहाव्याची नवी ग्रीन मूळ ग्रीनपेक्षा सरस आहे, हे मान्य करावे लागते. जुन्या ग्रीनजवळचा बंकर मात्र आता फेअरवेच्या मधोमध, ग्रीनपासून बराच अलीकडे निरुद्देश उरला आहे. ऑगस्टावरील मॅकेन्झी यांची सर्वांत देखणी खूण तीच, आणि तिला खेळात जवळजवळ काहीच काम नाही. दृश्य शैलीची उपासना केली की नेमके हेच हाती उरते. संहिता आणि प्रयोग यांची उपमा या ठिकाणी अपुरी पडते. नाटकाचा प्रयोग कितीही फसला तरी संहिता पुस्तकात सुरक्षित असते. मैदानावर प्रत्येक नवा प्रयोग जुन्या संहितेवरच लिहिला जातो आणि मूळ अक्षरे खरवडली जातात.

तेरावा होल या दृष्टीने उद्बोधक आहे. पार पाचचा, ओढ्याच्या काठाने डावीकडे वळणारा. ओढ्याच्या निकट राहणाऱ्याला दुसऱ्या फटक्यात ग्रीन गाठण्याची संधी आणि उजवीकडे सुरक्षित राहणाऱ्याला चढावरून, कललेल्या जमिनीवरून अवघड फटका, अशी ही मूळ रचना. आधुनिक काठ्या आणि चेंडू यांमुळे व्यावसायिक खेळाडूंना वळण ओलांडणे सहज झाले आणि दुसरा फटका फुटकळ उरला. तेव्हा शेजारच्या क्लबकडून जमीन घेऊन टी मागे नेण्यात आली आणि २०२३ मध्ये ५१० यार्डांचा हा होल ५४५ यार्डांचा झाला. ही लांबी वाढवण्यामागचा हेतू पर्याय परत आणण्याचा होता, हे मान्य. पण तोच क्लब 'सेकंड कट' राखून आणि झाडे लावून अन्य होलांवर पर्याय कमी करत आला आहे. एका ठिकाणी तत्त्व जपायचे व दुसऱ्या ठिकाणी मोडायचे, आणि दोन्हींना रचनाकाराचा वारसा म्हणायचे, यात सुसंगती दिसत नाही.

मैदान कोणासाठी?

अधिकाधिक लोकांना अधिकाधिक आनंद, ही मॅकेन्झी यांची मैदानाची कसोटी होती. डॉक्टर या नात्याने गोल्फचे आरोग्यदायी मूल्यही ते हिरिरीने सांगत. या कसोटीवर त्यांची कीर्ती ज्यांवर उभी आहे ती दोन अमेरिकी मैदाने कोठे बसतात? ऑगस्टा नॅशनलने पहिला कृष्णवर्णीय सभासद १९९० मध्ये घेतला आणि पहिल्या दोन महिला सभासद २०१२ मध्ये. १९९० मध्येच, स्पर्धा भरवणाऱ्या क्लबांनी सभासदत्वात भेदभाव नसल्याचे दाखवावे असा नियम पीजीए टूरने केल्यावर, सायप्रस पॉइंटने तेथे वर्षानुवर्षे होत आलेल्या व्यावसायिक स्पर्धेतून अंग काढून घेतले. सामान्य खेळाडूचा आनंद हे ज्या तत्त्वाचे सार, ते तत्त्व सामान्य खेळाडूला प्रवेश नसलेल्या कुंपणाआड सर्वांगसुंदर रीतीने जतन होत आहे. समीक्षकांनी या विसंगतीकडे सभ्यपणे दुर्लक्ष केले आहे. मैदानाची रचना आणि मैदानाची मालकी हे दोन स्वतंत्र विषय आहेत, असा युक्तिवाद त्यासाठी केला जातो. परंतु रचनेचे प्रयोजनच सर्व दर्जांच्या खेळाडूंना सामावून घेणे असेल, तर तो युक्तिवाद टिकत नाही.

म्हणूनच नेहमीच्या त्रयीबाहेरचे एक नाव येथे घेणे आवश्यक ठरते. सॅन फ्रान्सिस्को शहराच्या मालकीचे शार्प पार्क हे मैदान पॅसिफिका येथे समुद्रकाठी आहे. मॅकेन्झी यांनी रचलेले हे सार्वजनिक मैदान १९३२ मध्ये, म्हणजे ऑगस्टाच्याच काळात, खुले झाले. शुल्क भरून कोणीही तेथे खेळू शकतो. मूळ आराखड्यात दुहेरी फेअरवेचे होलही होते. 'कंट्री लाइफ'चा जुना आराखडा नगरपालिकेच्या मैदानावर अवतरला होता. वादळांनी समुद्राकडचे होल गिळले, पुढे बांध घातला गेला, काही होल आतल्या बाजूला हलवावे लागले. शेजारच्या खाजणात लाल पायांचे बेडूक आणि सॅन फ्रान्सिस्को गार्टर साप या संरक्षित प्रजाती राहतात. मैदानातील पाणी उपसल्याने त्यांना धोका पोहोचतो म्हणून २०११ मध्ये पर्यावरणवादी संघटना न्यायालयात गेल्या. मैदान बंद करून तेथे दलदल पुनरुज्जीवित करावी, अशी त्यांची भूमिका होती. मैदान वाचले. त्यांच्या हरकतीत तथ्य होते आणि तेथे खेळणाऱ्या निवृत्त कामगारांच्या, विद्यार्थ्यांच्या बाजूलाही तथ्य होते. शहराच्या तिजोरीतून ऑगस्टासारखी देखभाल होणे शक्य नाही. बंकरांच्या कडा ढासळल्या आहेत, ग्रीन मूळ आकाराहून आक्रसल्या आहेत, आणि मॅकेन्झी यांच्या श्रेष्ठ मैदानांच्या यादीत त्याचे नाव सहसा आढळत नाही.